एका पाणवठ्यापासून दुसऱ्या पाणवठ्यापर्यंत

२० ऑगस्ट १८६०. मेलबर्नच्या रॉयल पार्कमध्ये पंधरा हजारांच्या आसपास माणसं जमली होती. ऑस्ट्रेलिया खंड दक्षिणेकडून उत्तरेकडे ओलांडायला निघालेल्या मोहिमेचा निरोप समारंभ होता. ताफ्यात १९ माणसं, २३ घोडे, २६ उंट, सहा गाड्या आणि सुमारे वीस टन सामान होतं. त्या सामानात ओकच्या लाकडाचं टेबल, खुर्च्या, आकाशात उडवायचे बाण आणि एक चिनी घंटा यांचाही समावेश होता. उंट दमले तर त्यांना तरतरी यावी म्हणून साठ गॅलन रम सोबत घेतली होती. पार्कच्या फाटकातून बाहेर पडण्याआधीच एक गाडी मोडली. मध्यरात्रीपर्यंत ताफा जेमतेम सात-आठ किलोमीटरवरच्या एसेंडनला पोहोचला आणि तिथे आणखी दोन गाड्यांनी मान टाकली.

मोहिमेचा म्होरक्या रॉबर्ट बर्क हा पोलीस अधिकारी होता. त्याला या मुलखाचा काडीचाही अनुभव नव्हता. मोहीम आखणारी समिती मेलबर्नमध्ये बसून उंटावरून शेळ्या हाकत होती. शेवटी कूपर क्रीकपासून पुढे बर्क निघाला तो तीन साथीदार, सहा उंट आणि एक घोडा एवढ्यानिशी. बाकीचा पसारा मागे पडला होता. उत्तर किनाऱ्याजवळ पोहोचून ते परतले, पण जूनअखेरीच्या सुमाराला बर्क आणि त्याचा साथीदार विल्स दोघेही कूपर क्रीकच्या काठी मेले. चौघांतला एकटा जॉन किंग वाचला, कारण तिथल्या यांद्रुवांधा लोकांनी त्याला आपल्यात घेऊन खाऊपिऊ घातलं.

ही कथा ऑस्ट्रेलियात शाळेपासून सांगितली जाते ती शौर्य आणि शोकांतिका म्हणून. वाहतुकीच्या अंगाने पाहिली तर ती साधी आहे. गाडी, घोडा आणि उंट यांपैकी काय कुठपर्यंत जाऊ शकतं, याचा हिशेब आधी कुणी मांडलाच नव्हता. पुढच्या सत्तर वर्षांत तो हिशेब मांडला गेला आणि त्याचं एकक एकच होतं : एका पाण्यापासून दुसरं पाणी किती दूर आहे.

मुलूख आणि पायवाटा

दक्षिण ऑस्ट्रेलिया हे एकटं राज्य महाराष्ट्राच्या तिपटीहून मोठं आहे. आजही त्याची लोकसंख्या वीस लाखांच्या आत आहे आणि त्यातले बहुतेक लोक अ‍ॅडलेड शहरात आणि आसपास राहतात. उत्तरेकडे गेलं की शेती संपते, मग मेंढ्यांची कुरणं विरळ होत जातात आणि पुढे लाल वाळूच्या टेकड्या, गोट्यांची मैदानं आणि मिठाची कोरडी सरोवरं सुरू होतात. एअर सरोवराच्या परिसरात वर्षाला दीडशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्याकडच्या माण तालुक्यासारख्या दुष्काळी भागात याच्या तिपटीच्या आसपास पडतो.

तरी हा मुलूख रिकामा नव्हता आणि बिनवाटेचाही नव्हता. एअर सरोवराच्या पूर्वेकडचे दियारी लोक गेरू आणण्यासाठी फ्लिंडर्स डोंगररांगांतल्या खाणीपर्यंत चालत जात. एका दिशेचं अंतर पाचशे किलोमीटरच्या घरात. सत्तर-ऐंशी पुरुषांचा जथा निघे आणि परतताना प्रत्येक जण तीस किलोच्या आसपास वजनाचा गेरूचा गोळा डोक्यावर घेऊन येई. अंगावर आणि शस्त्रांवर लावायला या चमकदार तांबड्या गेरूला मोठा मान होता. दुसऱ्या दिशेने, क्वीन्सलंडच्या मलिगन नदीच्या भागातून, पिटुरी नावाच्या झुडपाची पानं येत. त्यांत निकोटिन भरपूर असतं. ती चघळली की भूक आणि थकवा जाणवत नाही. शेकडो किलोमीटरवर या पानांचा व्यापार चाले.

या वाटा पाण्यावरून जात. एअर सरोवराच्या दक्षिणेला आणि पश्चिमेला जमिनीतून आपोआप वर येणाऱ्या झऱ्यांची एक लांब रांग आहे. पूर्वेकडच्या डोंगरांवर पडलेलं पाणी खडकांच्या थरांतून अतिशय सावकाश झिरपत इथे वर येतं. त्या प्रवासाला दहा लाख वर्षांहून अधिक काळ लागलेला असू शकतो. पाण्याबरोबर आलेले क्षार साचून झऱ्याभोवती उंचवटा तयार होतो, त्यामुळे ओसाड मैदानात पाणी चक्क छोट्या टेकडीच्या माथ्यावर सापडतं. अरबाना आणि शेजारच्या लोकांना त्यातला प्रत्येक झरा ठाऊक होता. जॉन मॅकडूअल स्टुअर्टने १८६२ मध्ये घोड्यांवरून खंड पार केला तो याच रांगेचा आधार घेऊन. त्याच्या मागून तार आली, तारेमागून रेल्वे आली, आणि दोन्ही त्याच रांगेने गेल्या.

बैल आणि घोडे कुठे थांबले

गोऱ्या वसाहतवाल्यांची पहिली मालवाहतूक बैलांवर चाले. बारा ते वीस बैल जोड्याजोड्यांनी जुंपलेला गाडा, त्यावर लोकरीच्या गासड्या, आणि बाजूने हातात लांब आसूड घेऊन पायी चालणारा गाडीवान. या गाडीवानांच्या शिव्या सगळ्या खंडात प्रसिद्ध होत्या. बैल गरीब, काटक, चिखलातून गाडा ओढून काढणारा. पण चाल दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर, आणि रोज पाणी हवं, रोज गवत हवं. सलग दोन दिवस पाणी नसलेल्या वाटेवर बैलगाडा म्हणजे आत्महत्या. दुष्काळात तर वाटेवरचं गवतच नाहीसं होई, आणि माल पोहोचवायला निघालेल्या जनावरांच्या वैरणीसाठीच दुसरी गाडी लागे.

माणसांच्या प्रवासासाठी घोडागाड्या होत्या. फ्रीमन कॉब आणि त्याच्या तीन अमेरिकी साथीदारांनी सुरू केलेल्या 'कॉब अँड कंपनी'ची पहिली गाडी ३० जानेवारी १८५४ रोजी मेलबर्नहून सोन्याच्या खाणींकडे सुटली. लोखंडी स्प्रिंगांऐवजी चामड्याच्या जाड पट्ट्यांवर डबा टांगलेला असल्याने खडबडीत रस्त्यावर तो मोडत नसे, नुसता झोके खाई. कंपनीचं खरं भांडवल म्हणजे घोडे बदलण्याच्या चौक्या. साधारण पंधरा ते तीस किलोमीटरवर ताजे घोडे तयार असत, म्हणून गाडी पळत राही. अशी चौकी टिकायला तिथे विहीर लागते, दाणा-वैरण लागते, राखणारा माणूस लागतो. पूर्व ऑस्ट्रेलियात ते जमलं. क्वीन्सलंडमध्ये कंपनीची शेवटची घोडागाडी थेट १९२४ पर्यंत धावत होती. मधल्या कोरड्या पट्ट्यात मात्र शंभर-दीडशे किलोमीटरमध्ये एक चौकी उभी करायलाही पाणी नव्हतं.

कराचीहून आलेली जनावरं, कराचीहून आलेली माणसं

ऑस्ट्रेलियातला पहिला उंट १८४० मध्ये कॅनरी बेटांवरून अ‍ॅडलेडच्या बंदरात उतरला. त्याचं नाव हॅरी. १८४६ मध्ये जॉन हॉरॉक्स नावाचा तरुण संशोधक त्याला घेऊन उत्तरेकडे निघाला. हॅरी माणसांना आणि शेळ्यांना चावायचा. एका दिवशी हॉरॉक्स बंदूक ठासत असताना बसलेला हॅरी अचानक हलला, धक्क्याने बार उडाला आणि हॉरॉक्सचा हात व जबडा जखमी झाला. तो तीन आठवड्यांनी मेला. मरण्याआधी त्याने हॅरीला गोळी घालायला सांगितलं होतं. उंटाची सुरुवात काही शुभ झाली नाही.

बर्कच्या मोहिमेसाठी जॉर्ज लँडेल्स हा घोड्यांचा व्यापारी हिंदुस्थानात येऊन उंट घेऊन गेला. कराचीहून जहाजाने २४ उंट जून १८६० मध्ये मेलबर्नला पोहोचले. त्यात मेलबर्नच्याच एका करमणूक बागेतल्या काही उंटांची भर पडली. जनावरांबरोबर उंटवालेही आले होते. त्यांतला सामला नावाचा एक जण हिंदू होता. शिध्यातलं गोमांस त्याला चालेना, म्हणून तो सुरुवातीच्या दिवसांतच मोहीम सोडून परतला. दोस्त महंमद हा दुसरा उंटवाला मोहिमेत टिकला. माजावर आलेल्या एका उंटाने हल्ला केला आणि त्याचा हात कायमचा निकामी झाला.

उंटांची वाहतूक धंदा म्हणून उभी केली ती टॉमस एल्डर या व्यापाऱ्याने. १८६४ ते १८६६ या काळात दक्षिण ऑस्ट्रेलियात भीषण दुष्काळ पडला. कुरणांवरची लोकर बंदरापर्यंत आणणं आणि बंदरावरचं धान्य कुरणांपर्यंत नेणं, दोन्ही अशक्य होऊन बसलं. एल्डरने आपला माणूस सॅम्युअल स्टकी याला कराचीला धाडलं. १८६५ च्या शेवटच्या दिवशी 'ब्लॅकवेल' जहाज सव्वाशेच्या आसपास उंट आणि ३१ उंटवाले घेऊन पोर्ट ऑगस्टाला लागलं. कराची त्या काळी मुंबई इलाख्यातलं बंदर होतं. उंटांत कंदाहारकडचे जडशीळ भारवाहू होते, बिकानेरचे हलके, वेगवान सवारीचे होते, मकरानचेही होते. बेल्टाना इथल्या एल्डरच्या कुरणावर त्यांची पैदास सुरू झाली. पहिल्याच वर्षी खरजेने अनेक उंट दगावले. जे उरले त्यांची संकर पैदास मूळ जातींपेक्षा थोराड निघाली.

उंटवाल्यांना ऑस्ट्रेलियात सरसकट 'अफगाण' आणि पुढे नुसतं 'घॅन' म्हणत. प्रत्यक्षात त्यांत पश्तून होते, बलुची होते, सिंधी, पंजाबी, काश्मिरीही होते. बहुतेक मुसलमान, काही हिंदू आणि शीख. करार साधारण तीन वर्षांचा असे आणि बायकापोरांना आणायची सोय नव्हती. १८६० ते १९३० या काळात असे दोन ते चार हजार लोक येऊन गेल्याचा अंदाज आहे. मराठी वाचकाला सांडणीस्वार परिचयाचा आहे. पेशवाईत तातडीची पत्रं सांडणीवरून जात, पण तो एकट्याने मजल मारणारा जासूद. हे लोक ओळीने चालणाऱ्या काफिल्याचे, मालाच्या वाहतुकीचे कारागीर होते.

उंटाची ताकद मदारीत साठवलेल्या पाण्यात असते, ही समजूत चुकीची. मदारीत चरबी असते. पाण्याची काटकसर त्याच्या सगळ्या शरीरात आहे. दिवसा शरीराचं तापमान चाळीस अंशांपर्यंत चढू द्यायचं आणि रात्रीच्या गारव्यात उतरू द्यायचं, म्हणजे घामावाटे पाणी घालवावं लागत नाही. शरीराचं पाव वजन पाण्यावाटे घटलं तरी तो उभा राहतो. एवढ्याने घोडा केव्हाच मरून जाईल. पाणी मिळालं की दहा-पंधरा मिनिटांत शंभर लिटर पितो. त्याच्या तांबड्या पेशी लांबट असतात आणि फुगूनही फुटत नाहीत, म्हणून एवढं पाणी एकदम प्यायलं तरी त्याला बाधत नाही. १८७५ मध्ये अर्नेस्ट जाइल्सच्या मोहिमेतले उंट सतरा दिवस पाण्याविना सव्वापाचशे किलोमीटर चालले. त्या मोहिमेची उंटांची बाजू सालेह नावाच्या उंटवाल्याने सांभाळली होती. शिवाय बैलांना चालत नाहीत ती खारट झुडपं आणि काटेरी फांद्या उंट मजेत खातो. वैरण वाहून न्यायची गरज नाही, म्हणजे पाठीवरचा सगळा भार भाड्याचा.

सकाळचा भार

काफिल्याचा दिवस अंधारात सुरू होई. रात्री पुढचे पाय दाव्याने जखडून उंट चरायला सोडलेले असत. तेवढ्या पायांनीही ते काही किलोमीटर दूर जात. गळ्यातल्या घंटांच्या आवाजावरून आणि वाळूतल्या मागावरून त्यांना हुडकून आणायचं, 'हूश्ता' म्हणून एकेकाला गुडघ्यांवर बसवायचं. मग पालाण. पेंढा ठासून भरलेल्या दोन लांब उशा मदारीच्या दोन बाजूंना आणि त्यांना जोडणारी लाकडी चौकट, असं ते असे. भार मदारीवर न येता बरगड्यांवर पसरला पाहिजे. उशी एका जागी चेपली गेली तर दोन दिवसांत घाव पडतो आणि महिनाभर तो उंट कामातून जातो, म्हणून रोज रात्री पेंढा सारखा करावा लागे.

त्यानंतर तोल. डाव्या अंगाला लोकरीची एक गासडी तर उजव्या अंगाला तेवढ्याच वजनाची दुसरी. पिठाची पोती आणि साखरेची पोती यांची जुळणी सोपी. पत्रे, लोखंडी नळ, नांगर, खाणीतल्या यंत्रांचे भाग, पियानो असं काही आलं की खरी परीक्षा. थोराड नर चारशे ते सहाशे किलो उचले, पण त्याच्या दोन बाजूंमध्ये थोडाही फरक राहिला तर पालाण फिरे. भार चढताना उंट आरडाओरडा करत, मान वळवून चावायला येत. सगळे लादून झाले की ओळ लावायची. प्रत्येकाच्या नाकपुडीत लाकडी खुंटी, तिला बारीक दोरी आणि दोरीचं दुसरं टोक पुढच्या उंटाला बांधलेलं. ही दोरी मुद्दाम कच्ची ठेवत, म्हणजे एखादा उंट बसला किंवा पडला तर दोरी तुटावी, नाक फाटू नये. मोठ्या काफिल्यात सत्तर उंट असत. चाल दिवसाला पंचवीस ते चाळीस किलोमीटर. संध्याकाळी हाच सगळा भार पुन्हा उतरवायचा.

तार, रेल्वे आणि खाणी

१८७० ते १८७२ या दोन वर्षांत पोर्ट ऑगस्टापासून डार्विनपर्यंत सुमारे ३,२०० किलोमीटरची तार उभी राहिली. तिला ३६,००० खांब लागले. चार्ल्स टॉड हा या कामाचा प्रमुख. मधल्या कोरड्या टप्प्यात सामान पोहोचवण्यात उंटांचा मोठा वाटा होता आणि तार चालू झाल्यावर अडीच-तीनशे किलोमीटरवर असलेल्या तारकेंद्रांचा शिधा उंटांवरच गेला. अ‍ॅलिस स्प्रिंग्ज हे गाव अशाच एका केंद्राभोवती वाढलं. डार्विनहून समुद्राखालच्या तारेने जावा, सिंगापूर, मद्रास, मुंबई आणि तिथून सुएझमार्गे लंडन अशी ही साखळी होती. लंडनची बातमी अ‍ॅडलेडला यायला पूर्वी महिने लागत; आता ती काही तासांत येऊ लागली.

रेल्वे हळू आली. पोर्ट ऑगस्टाहून निघालेले रूळ १८८४ मध्ये हर्गॉट स्प्रिंग्जला, म्हणजे आजच्या मारी या गावी, पोहोचले. १८९१ मध्ये ऊडनाडाटा आलं आणि तिथे काम अडतीस वर्षं थांबलं. ऊडनाडाटापासून अ‍ॅलिस स्प्रिंग्जपर्यंतचे पावणेपाचशे किलोमीटर या सगळ्या काळात उंटांच्या पायांवर होते. पीठ, चहा, औषधं, टपाल, घरांचे पत्रे, सगळं.

मारी हे उंटांचं मोठं ठाणं झालं. रुळांच्या एका बाजूला गोऱ्यांची वस्ती, हॉटेल आणि दुकानं. दुसऱ्या बाजूला 'घॅनटाउन', तिथली मातीच्या भिंतींची छोटी मशीद, खजुराची झाडं आणि उंटांचे गोठे. त्याच बाजूला आदिवासींची पालं. अनेक उंटवाल्यांनी आदिवासी स्त्रियांशी लग्नं केली. त्यांची नातवंडं-पतवंडं आजही या भागात आहेत. मारीचाच बेजा दरवेश १८९६ च्या काल्व्हर्ट मोहिमेत उंटांचा प्रमुख होता. वाळवंटात पाणी संपत आलं असताना त्याने उंट आणि माणसं ज्या जिद्दीने बाहेर काढली, त्याबद्दल मोहिमेचा नेता लॉरेन्स वेल्सने त्याला आपलं होकायंत्र भेट दिलं.

पश्चिमेला कूलगार्डीत १८९२ मध्ये सोनं सापडलं. हजारो लोक धावले आणि तिथे प्यायला पाणी नव्हतं. आधी उंटांनी पाणीच वाहिलं, मग अन्न, मग यंत्रं. फैज आणि ताज महंमद या भावांनी तिथे शेकडो उंटांचा धंदा उभारला. १८९६ मध्ये रेल्वे आली, १९०३ मध्ये पर्थजवळून ५३० किलोमीटरची जलवाहिनी आली आणि उंट आणखी आत, रुळांच्या पलीकडच्या खाणींकडे सरकले. हे पुन्हा पुन्हा घडत गेलं. उंटाने खांब, रूळ, नळ वाहून न्यायचे, आणि ते उभे राहिले की त्याने पुढचा कोरडा टप्पा गाठायचा.

पाण्यावरची भांडणं

बैलगाडीवाल्यांना उंट नको होता. उंटाच्या वासाने घोडे बिथरत, गाड्या उलटत, हे एक कारण. खरं कारण भाडं. दुष्काळात गाडीवान घरी बसून असायचा आणि उंटवाला चालू असायचा. १८९०च्या दशकात संपाच्या काळात कुरणमालकांनी लोकर हलवायला उंट लावले, तेव्हा कामगार संघटनांचा राग आणखी भडकला. खाणींच्या भागात पाणवठ्यावरून हाणामाऱ्या होत. नमाजाआधी हातपाय धुणं गोऱ्या खाणवाल्यांच्या लेखी पाणी नासवणं होतं. आणि ज्या आदिवासींचे ते पाणवठे होते, त्यांना तर कुणीच विचारत नव्हतं.

१९०१ मध्ये ऑस्ट्रेलियाचं संघराज्य झालं आणि पहिल्याच वर्षी गोरेतरांना बाहेर ठेवणारा कायदा आला. बंदरावरचा अधिकारी कोणत्याही युरोपीय भाषेत श्रुतलेखन घ्यायचा. नापास झाला की परत. वीस-वीस वर्षं उंट हाकलेला माणूस आईबापांना भेटायला कराचीला गेला तर परत येताना त्याच्यावरही ही परीक्षा लादली जाऊ शकत होती. ती टाळायची तर निघण्याआधी सवलतीचा दाखला काढावा लागे. त्यावर फोटो आणि हाताचा पूर्ण ठसा घेतला जाई. असे शेकडो दाखले ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि उंटवाल्यांचे चेहरे आज माहीत आहेत ते बरेचसे त्यांच्यामुळे. नागरिकत्व बहुतेकांना कधीच मिळालं नाही.

पाणी शोधण्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली त्याचं उघडं उदाहरण म्हणजे कॅनिंगची वाट. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातून गुरं हाकत आणण्यासाठी आल्फ्रेड कॅनिंगने १९०६ मध्ये उंटांवरून पाहणी केली. वाट सुमारे १,८५० किलोमीटरची होती. १९०८ ते १९१० मध्ये तिच्यावर ५१ पाण्याची ठिकाणं तयार झाली, साधारण गुरांच्या एका दिवसाच्या चालीच्या अंतरावर. वाळवंटात पाणी कुठे आहे हे मार्तू आणि शेजारच्या लोकांनाच माहीत होतं. कॅनिंगने माणसं पकडली, साखळ्यांनी बांधली आणि पाणी दाखवेपर्यंत बरोबर फिरवली. त्याच्याच स्वयंपाक्याने तक्रार केल्यामुळे १९०८ मध्ये शाही चौकशी आयोग बसला. आयोगाने कॅनिंगला निर्दोष ठरवलं आणि काम पुढे चालू झालं.

इंजिन आलं

१९०८ मध्ये हॅरी डटन आणि मरे ऑंगर यांनी टॅल्बट मोटारीतून अ‍ॅडलेड ते डार्विन हा प्रवास पुरा केला. आदल्या वर्षीच्या प्रयत्नात त्यांची पहिली मोटार वाटेतच सोडून द्यावी लागली होती. तो पराक्रम होता, वाहतूक नव्हती. ट्रकची चाकं रुंद झाली, सुटे भाग मिळू लागले, तेव्हा १९२०च्या दशकात उंटाचं भाडं घसरायला लागलं. १९२९ मध्ये रूळ एकदाचे अ‍ॅलिस स्प्रिंग्जला पोहोचले. ६ ऑगस्टला पहिली प्रवासी गाडी आली. तिला लोक 'घॅन' म्हणत, आजही म्हणतात. १९३४ मध्ये सरकारने नॉर्दर्न टेरिटरीत आठही चाकांना गती देणारा डिझेल ट्रक आणला. मागे दोन जोडगाड्या लावून तो पंधरा टन माल ओढे. एका थोराड काफिल्याचं काम एका इंजिनाने करायला सुरुवात केली. आजच्या अवाढव्य 'रोड ट्रेन'चा हा पूर्वज.

तरी पाण्याचा हिशेब संपला नव्हता. मारी ते बर्ड्सव्हिल ही ५१७ किलोमीटरची वाट गुरं हाकण्याची होती. तिच्यावर १८९० नंतर सरकारने खोल विंधनविहिरी खोदल्या, त्यांतून खालचं उकळतं पाणी आपोआप वर येई. १९३६ पासून टॉम क्रूस या वाटेवर दर पंधरवड्याला टपालाचा ट्रक न्यायचा. वाळूच्या टेकडीवर चाकं रुतली की लोखंडी पत्रे चाकांखाली घालायचे, ट्रक त्यावरून पुढे घ्यायचा, पत्रे उचलून पुन्हा पुढे टाकायचे. कूपर क्रीकला पूर आला की अलीकडे ट्रक थांबवून टपाल आणि माल होडीने पलीकडे न्यायचा. १९५४ मध्ये जॉन हेयर यांनी क्रूसच्या फेरीवर 'द बॅक ऑफ बियाँड' हा माहितीपट केला. त्यात म्हातारा बेजा दरवेशही दिसतो.

बेरोजगार उंटांचं काय करायचं, यावर दक्षिण ऑस्ट्रेलियाने १९२५ मध्येच उत्तर काढलं होतं. त्या वर्षीच्या उंट नष्ट करण्याच्या कायद्याने मोकाट भटकणारे, नोंद नसलेले उंट गोळी घालून मारायची मुभा दिली. अनेक उंटवाल्यांना ते जमलं नाही. त्यांनी नाकातली खुंटी काढली आणि जनावरं रानात सोडून दिली.

जुनी घॅन गाडी वाफेच्या इंजिनाला पाणी हवं म्हणून झऱ्यांच्या रांगेने गेली होती. पाण्याजवळची जमीन म्हणजे पुराचीही जमीन. एरवी कोरड्या असणाऱ्या नद्यांना पावसाने पूर आला की रूळ वाहून जात, प्रवासी दिवसच्या दिवस अडकून पडत. डिझेल इंजिनाला झऱ्यांची गरज उरली नाही. १९८० मध्ये नवा लोहमार्ग जुन्याच्या सुमारे १६० किलोमीटर पश्चिमेला, उंच कोरड्या जमिनीवरून टाकला गेला. मारी आणि ऊडनाडाटा या दोन्ही गावांवरून अ‍ॅलिस स्प्रिंग्जला जाणारी गाडी बंद झाली. २००४ मध्ये नवे रूळ डार्विनपर्यंत गेले.

सोडून दिलेल्या उंटांना वाळवंट मानवलं. ऑस्ट्रेलियात आज जगातले सर्वांत जास्त रानटी उंट आहेत. २००९ ते २०१३ या काळात सरकारी कार्यक्रमात १,६०,००० उंट कमी करण्यात आले आणि त्यानंतरही सुमारे तीन लाख उरल्याचा अंदाज होता. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये नॉर्दर्न टेरिटरीतल्या डॉकर रिव्हर या छोट्या आदिवासी गावात हजारो तहानलेले उंट घुसले. त्यांनी पाण्याच्या टाक्या आणि नळ मोडले. जानेवारी २०२० मध्ये दुष्काळ शिगेला असताना दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वायव्य भागातल्या आदिवासी वस्त्यांनी स्वतःच उंट मारण्याचा निर्णय घेतला. पाच दिवसांत हेलिकॉप्टरमधून पाच हजारांहून अधिक उंट मारले गेले. पाणवठ्यात पडून सडलेल्या जनावरांमुळे पिण्याचं पाणी आणि पूर्वजांची पवित्र ठिकाणं दोन्ही नासत होती. काही ठिकाणी झऱ्यांभोवती आता मजबूत कुंपणं घातली आहेत. काही उंट पकडून मांसासाठी विकले जातात आणि काही दुधासाठी पाळले जातात.